रेषेबाहेरचा बिंदू

महाविद्यालयातील जीवरसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांची पन्नासएक जर्नले एकत्र ठेवून चाळली, तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. बाययुरेट पद्धतीने प्रथिने मोजायची असोत की डीएनएस पद्धतीने शर्करा, प्रत्येक जर्नलातला प्रमाण आलेख सरळ असतो. पाचही बिंदू रेषेवर, रेषा आरंभबिंदूतून जाणारी आणि खाली लाल शाईत परीक्षकांची सही. पिपेट नवख्या हातात असते, क्युव्हेटवर बोटांचे ठसे असतात, विजेचा दाब वरखाली झाला की कलरीमीटरचा काटा हलतो. तरीही पन्नासांपैकी एकाचाही बिंदू रेषेबाहेर पडत नाही. निसर्ग इतका आज्ञाधारक नाही. मग रेषेबाहेरचे बिंदू गेले कुठे?

उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. काही बिंदू खोडरबराने गेले, काही शेजारच्या जर्नलातून दुरुस्त होऊन आले, आणि काही तर आधी रेषा काढून मग तिच्यावर बसवले गेले. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांतील महाविद्यालयांत आम्हाला हे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. इतरत्र चित्र फार वेगळे असेल असे मानायला जागा नाही.

आमची टीका विद्यार्थ्यांवर नाही. सरळ रेषेला गुण देणाऱ्या पद्धतीवर आहे. याच मुलांपैकी काही जण पदवी घेऊन पुणे, मुंबई, गोवा किंवा हैदराबाद येथील औषध प्रयोगशाळांत नोकरीला लागतात. तिथे त्यांच्यासमोर तोच आलेख येतो आणि तोच रेषेबाहेरचा बिंदू. फरक इतकाच की तिथे त्या बिंदूवर गुण नव्हे, तर एखाद्या गोळीची परवानगी अवलंबून असते. त्या प्रयोगशाळांनी अशा बिंदूसाठी काही नियम ठरवले आहेत. ते नियम काय सांगतात, कुठे अपुरे पडतात आणि त्यांच्या उजेडात आपली प्रात्यक्षिके कशी दिसतात, याचा विचार येथे करू.

प्रमाण-नमुना कशासाठी?

आपल्या जिल्ह्यात दूध संस्थेचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. दुधाला फॅट किती लागली यावर उत्पादकाचा दर ठरतो. यंत्राने ४.२ दाखवले, तर फॅट खरोखर ४.२ आहे हे कशावरून? ज्या दुधाची फॅट दुसऱ्या खात्रीच्या पद्धतीने, उदाहरणार्थ गर्बरच्या पद्धतीने, आधी काढली आहे असे दूध यंत्राला दाखवून. माहीत असलेले दाखवायचे, यंत्र काय म्हणते ते पाहायचे आणि मगच माहीत नसलेले मोजायचे. यालाच अंशशोधन म्हणतात, आणि त्यासाठी वापरलेला माहितीतला नमुना म्हणजे प्रमाण-नमुना.

रक्तातील औषध मोजताना हेच तत्त्व वापरतात. एखादी जेनेरिक गोळी मूळ गोळीइतकेच औषध रक्तात पोहोचवते का, हे पाहण्यासाठी स्वयंसेवकांना आलटून पालटून दोन्ही गोळ्या देतात आणि ठराविक वेळांनी त्यांचे रक्त काढतात. रक्तातील पेशी बाजूला केल्यावर उरणाऱ्या रक्तद्रवात औषध असते ते मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागांच्या हिशेबात. ते मोजण्यासाठी औषध नसलेल्या रक्तद्रवात औषध मोजून मिसळतात आणि कमीपासून जास्तीपर्यंत सहा, आठ किंवा दहा प्रमाण-नमुने तयार करतात. यंत्र प्रत्येकाला एक आकडा देते. त्याला आपण प्रतिसाद म्हणू. संहती आणि प्रतिसाद यांचा आलेख काढला की अंशशोधन रेषा मिळते, आणि तिच्यावरून स्वयंसेवकांच्या नमुन्यांची संहती वाचता येते.

रेषा काढून झाल्यावर प्रयोगशाळा आणखी एक पायरी करते. ही पायरी आपल्या प्रात्यक्षिकात जवळजवळ कधीच होत नाही. प्रत्येक प्रमाण-नमुना अज्ञात आहे असे समजून त्याची संहती त्याच रेषेवरून परत काढतात. आपण ज्यात १० घातले होते, त्याला रेषा १० म्हणते की १३? फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर तो प्रमाण-नमुना नापास.

नियम काय म्हणतो?

या क्षेत्रातील शिस्तीची सुरुवात डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील क्रिस्टल सिटी येथे भरलेल्या परिषदेपासून मानली जाते. तिचा अहवाल १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचे पहिले लेखक होते विनोद शाह. पुढे २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, आपले मार्गदर्शन काढले. आज औषध नियामक ज्याचा आधार घेतात, ते आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेचे एम-१० नावाचे मार्गदर्शन मे २०२२ मध्ये स्वीकारले गेले.

एम-१० चा सारांश असा. औषध अजिबात नसलेले नमुने सोडून प्रमाण-नमुन्यांच्या किमान सहा पातळ्या हव्यात. परत काढलेली संहती मूळ संहतीच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे चालेल. सर्वांत खालच्या पातळीला मात्र २० टक्क्यांची सवलत. एकूण प्रमाण-नमुन्यांपैकी किमान ७५ टक्के उत्तीर्ण व्हावेत आणि उत्तीर्ण पातळ्या सहापेक्षा कमी नसाव्यात. जो नापास झाला त्याला वगळायचे, रेषा नव्याने काढायची आणि उरलेल्यांची तपासणी पुन्हा करायची.

सर्वांत खालचा नमुनाच नापास झाला, तर त्या दिवशीची रेषा त्याच्या वरच्या उत्तीर्ण नमुन्यापासून सुरू झाली असे समजायचे. त्याखाली आलेले स्वयंसेवकांचे नमुने पुन्हा तपासायचे. खालची पट्टी गेली असताना त्यांना अंदाजाने आकडा द्यायचा नाही.

याखेरीज प्रत्येक फेरीत वेगळे तयार केलेले दर्जा-नियंत्रण नमुने असतात. प्रयोगशाळेत त्यांना क्यू.सी. म्हणतात. ते कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन पातळ्यांचे असतात, आणि कमी पातळीचा क्यू.सी. सर्वांत खालच्या प्रमाण-नमुन्याच्या तिपटीच्या आत असावा लागतो. रेषा त्यांच्यावरून काढत नाहीत. रेषेची परीक्षा त्यांच्यावर घेतात. त्यांतील किमान दोन-तृतीयांश आणि प्रत्येक पातळीवरचे किमान निम्मे १५ टक्क्यांच्या आत यावे लागतात. आधी रेषा स्वतःच्या प्रमाण-नमुन्यांवर उभी राहिली पाहिजे आणि मग क्यू.सी.कडे पाहायचे. क्यू.सी. पास व्हावेत म्हणून एखादा प्रमाण-नमुना काढून टाकणे म्हणजे उत्तरपत्रिका पाहून प्रश्नपत्रिका बदलणे होय.

एक आकडेमोड

नियम वाचून हे सारे सोपे वाटते. म्हणून एक उदाहरण करून पाहू. आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत; साध्या गणकयंत्रावर ते कोणालाही ताडून पाहता येतील. समजा, आठ प्रमाण-नमुने आहेत आणि प्रत्येक नॅनोग्रॅममागे प्रतिसाद ०.०२ यायला हवा. खालच्या पाच नमुन्यांना प्रतिसाद अगदी बिनचूक आला. वरच्या तिघांत थोडा फरक पडला. न्यूनतम वर्ग पद्धतीने, सर्व बिंदूंना सारखे महत्त्व देऊन रेषा काढली. तेव्हा चित्र असे दिसते.

संहती १, प्रतिसाद ०.०२, परत काढलेली संहती १.४२, म्हणजे ४२ टक्के जास्त.
संहती २, प्रतिसाद ०.०४, परत काढलेली २.४०, म्हणजे २० टक्के जास्त.
संहती ५, प्रतिसाद ०.१०, परत काढलेली ५.३५, म्हणजे ७ टक्के जास्त.
संहती १०, प्रतिसाद ०.२०, परत काढलेली १०.२७, म्हणजे सुमारे ३ टक्के जास्त.
संहती २०, प्रतिसाद ०.४०, परत काढलेली २०.१०, फरक एक टक्क्याहून कमी.
संहती ५०, प्रतिसाद ०.९८, परत काढलेली ४८.६, म्हणजे सुमारे ३ टक्के कमी.
संहती ८०, प्रतिसाद १.५४, परत काढलेली ७६.२, म्हणजे सुमारे ५ टक्के कमी.
संहती १००, प्रतिसाद २.१०, परत काढलेली १०३.७, म्हणजे सुमारे ४ टक्के जास्त.

या रेषेचा सहसंबंध गुणांक ०.९९८५ येतो. आपल्याकडे आलेखाखाली एवढे लिहिले की काम संपते, आणि ०.९९ च्या पुढचा आकडा दिसला की परीक्षक समाधानाने पान उलटतात. पण त्याच रेषेने सर्वांत खालच्या नमुन्याला जवळजवळ दीडपट ठरवले आहे! मोठ्या संहतीचे बिंदू आलेखावर दूर असल्याने सहसंबंध गुणांकावर त्यांचेच राज्य चालते. आरंभबिंदूजवळ काय घडते याची त्याला फारशी खबर नसते. आलेख डोळ्यांना सरळ दिसतो आणि आकडा एकच्या जवळ येतो, म्हणून रेषा बरोबर आहे असे मानणे ही आपल्या प्रात्यक्षिकांतील सर्वांत रूढ चूक आहे.

आता १ आणि २ हे दोन नमुने नापास झाले. आठांपैकी सहा उत्तीर्ण, म्हणजे बरोबर ७५ टक्के, आणि पातळ्याही सहा. ७५ टक्क्यांची अट पुरी झाली. तेव्हा दोघांना वगळून रेषा नव्याने काढली. या नव्या रेषेवर ५ चा नमुना ५.६६ येतो. आधी तो ७ टक्के जास्त होता, आता १३ टक्के जास्त आहे. मर्यादा १५ ची असल्याने तो अजून उत्तीर्णच. म्हणजे ज्यांचा प्रतिसाद बिनचूक होता ते दोघे हद्दपार झाले, रेषा आधीपेक्षा बिघडली, आणि आलेख मात्र पूर्वीपेक्षा नीटनेटका दिसू लागला.

ही फेरी अडते ती नियमाच्या पुढच्या कलमावर. नव्या रेषेच्या कक्षेत कमी, मध्यम आणि जास्त असे तिन्ही क्यू.सी. यायला हवेत. कमी पातळीचा क्यू.सी. जास्तीत जास्त ३ चा असणार आणि रेषा आता ५ पासून सुरू होते. क्यू.सी. कक्षेबाहेर राहिला, म्हणून फेरी रद्द. फक्त ७५ टक्क्यांची अट पाठ करणाऱ्याच्या हातून ही फेरी सुटून गेली असती. नियमाचे एक वाक्य उचलून वापरले की असे होते.

मग दोष कोणाचा?

नापास झालेला बिंदू हा दोषी बिंदू असेलच असे नाही, हा या उदाहरणाचा धडा आहे. येथे दोष रेषा काढण्याच्या रीतीचा होता. १०० च्या नमुन्यात ५ टक्क्यांचा फरक म्हणजे ५ नॅनोग्रॅम. १ च्या नमुन्यात तेवढाच टक्का म्हणजे ०.०५ नॅनोग्रॅम. सर्व बिंदूंना सारखे महत्त्व दिले की मोठ्यांची किरकोळ चूकसुद्धा लहानांना फरफटत नेते. १०० चा बिंदू काढून पाहिला तरी सुटका नाही. मग १ चा नमुना उलट २६ टक्के कमी येतो. इलाज आहे तो भार देण्याचा. प्रत्येक बिंदूला संहतीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात महत्त्व देऊन रेषा काढली, तर आठही नमुने उत्तीर्ण होतात. १ चा नमुना १.०० येतो, आणि सर्वांत मोठा फरक १०० च्या नमुन्याला, तोही सुमारे ५ टक्क्यांचा.

मग भार लावून ही फेरी वाचवावी का? नाही! भार कोणता हे पद्धत पारखून घेतानाच, अनेक फेऱ्यांच्या अनुभवावरून ठरवायचे असते. नमुने तपासून झाल्यावर, निकाल समोर असताना, त्याच फेरीसाठी गणित बदलता येत नाही. वगळण्यामुळे रेषेचे गणिती रूप बदलू नये, हे एफडीएच्या २००१ च्या मार्गदर्शनातही होते. आजची फेरी रद्द, कारणाची नोंद, पद्धतीची नव्याने पारख आणि मगच पुढची फेरी, असा हा रस्ता आहे. तो लांबचा आहे खरा, पण त्यावरून गेलेल्याला नंतर कोणासमोर मान खाली घालावी लागत नाही.

अर्थात दर वेळी रेषाच दोषी असते असे नाही. मूळ द्रावण करताना वजन चुकलेले असू शकते. मग एकाच द्रावणापासून केलेले सगळे नमुने मिळून चुकतात आणि रेषा सरळच दिसते. म्हणून क्यू.सी. वेगळ्या वजनाच्या द्रावणापासून करण्याची पद्धत आहे. पिपेटमध्ये बुडबुडा राहिला तर एकच नमुना चुकतो. आधीच्या जास्त संहतीच्या नमुन्याचा अंश यंत्रात उरला तर पुढचा कमी संहतीचा नमुना फुगतो. ठेवणीत औषधाचे विघटन झाले तर सगळे हळूहळू उतरतात. प्रत्येक कारणाची खूण वेगळी असते. बिंदू खोडला की ती खूणही पुसली जाते.

येथे दोन क्रियापदांतला भेद पक्का करू. वगळणे वेगळे आणि खोडणे वेगळे. वगळलेला बिंदू वहीत राहतो. त्याचा आकडा, वगळण्याचे कारण, वगळणाऱ्याची सही आणि तारीख, सारे त्याच्याजवळ असते. कोणत्या कारणासाठी वगळायचे हे मोजण्याआधीच लिहिलेले असते. खोडलेल्या बिंदूपाशी यांपैकी काहीही नसते. प्रयोगशाळेत वगळण्याला पूर्ण परवानगी आहे. खोडण्याला अजिबात नाही.

नियमाच्या मर्यादा

नियमावरही बोट ठेवायला हवे. १५, २० आणि ७५ हे आकडे निसर्गाने दिलेले नाहीत. जाणकारांनी एकत्र बसून व्यवहारासाठी ठरवलेले आहेत. क्रिस्टल सिटीच्या वेळी क्यू.सी.साठी सहापैकी चार नमुने २० टक्क्यांच्या आत असा दंडक होता. २००१ मध्ये सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा प्रमाण-नमुना उत्तीर्ण होणे सक्तीचे होते. आज टोकाचा नमुना गेला तरी कक्षा आखडून काम पुढे नेता येते. अशा आकड्यांकडे शिस्त म्हणून पाहावे, सत्याचे माप म्हणून नव्हे. १४.९ टक्के चुकलेला नमुना पास आणि १५.१ वाला नापास, पण त्या दोघांत खरा फरक जवळजवळ नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. नियम एकेका फेरीपुरता बोलतो. सलग दहा फेऱ्यांत १ चाच नमुना गेला आणि बाकीचे राहिले, तर दहाही फेऱ्या आपापल्या जागी उत्तीर्ण ठरतात. पण दहा वेळा एकाच ठिकाणी ठेच लागणे हा योगायोग नसतो. हे एका पानावरून कळत नाही, वही मागे चाळावी लागते. आणि वहीत वगळलेला बिंदू राहिला असेल तरच ते कळणार!

नोंदीवरचा विश्वास गेला की

विश्वास गमावल्यावर काय होते याची दोन उदाहरणे सार्वजनिक नोंदीत आहेत. पहिले अमेरिकेतील ह्यूस्टन येथील सेटेरो रिसर्च या संस्थेचे. मुख्य तपासणीआधी यंत्र स्थिर झाले आहे का हे पाहण्यासाठी काही नमुने सोडून पाहतात. ही पद्धत योग्यच आहे. परंतु या पूर्वतयारीच्या फेऱ्यांत, ठरलेले निकष पुरे व्हावेत अशा रीतीने नमुन्यांची फिरवाफिरव झाल्याचे दिसते, तसेच नोंदींतील तारखा व वेळा खोट्या आहेत, असे आक्षेप एफडीएने घेतले. एप्रिल २००५ ते जून २०१० या काळात तेथे झालेल्या जैव-विश्लेषणांवर विसंबता येणार नाही, असे जुलै २०११ मध्ये कळवण्यात आले. ज्या औषध कंपन्यांनी तेथे काम करून घेतले होते, त्यांच्यावर ते अभ्यास पुन्हा करण्याची किंवा जुने नमुने दुसरीकडे तपासून घेण्याची पाळी आली.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. सिनॅप्स लॅब्ज या प्रयोगशाळेची स्पेनच्या औषध संस्थेने तपासणी केली आणि जुलै २०२३ मध्ये युरोपीय औषध संस्थेने फेरविचार सुरू केला. अभ्यासांच्या आकडेवारीतील विसंगती, तसेच नोंदी, संगणक प्रणाली आणि कार्यपद्धती यांतील त्रुटी असे आक्षेप होते. डिसेंबर २०२३ मध्ये, आणि फेरतपासणीनंतर मार्च २०२४ मध्ये पुन्हा, त्या अभ्यासांवर आधारलेल्या औषधांचे परवाने स्थगित करण्याची शिफारस झाली. ज्यांच्यापाशी दुसरीकडचा पुरावा होता ती औषधे त्यातून सुटली. हा फेरविचार चारशेहून अधिक औषधांचा होता. जून २०२४ मध्ये एफडीएनेही तेथील अभ्यास अग्राह्य ठरवले.

या पुण्याच्या प्रकरणातील एक बारकावा शिक्षकांनी ध्यानात घ्यावा. ती औषधे अपायकारक किंवा निरुपयोगी असल्याचा पुरावा मिळालेला नाही, असे युरोपीय संस्थेने स्पष्ट म्हटले होते. परवाने अडचणीत आले ते पुरावा भरवशाचा राहिला नाही म्हणून. कदाचित बहुतेक आकडे बरोबरही असतील. पण कोणते, हे आता सांगता येत नाही. चुकीच्या आकड्यापेक्षा अविश्वसनीय नोंद महाग पडते ती अशी.

पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना मिलिकनच्या तेलथेंबाच्या प्रयोगाची येथे आठवण होईल. १९१३ च्या शोधनिबंधात त्यांनी ५८ थेंबांचे आकडे दिले आणि साठ सलग दिवसांत तपासलेले सगळे थेंब हेच, असे म्हटले. पुढे इतिहासकारांनी त्यांच्या वह्या पाहिल्या, तेव्हा त्याच काळातले आणखी थेंब नोंदलेले आढळले. ते धरले तरी इलेक्ट्रॉनच्या भाराचे मूल्य फारसे बदलत नाही, असे नंतरच्या आकडेमोडीतून दिसले. तरीही 'सगळे' या एका शब्दावर आजतागायत वाद चालू आहे. मात्र वही जपली होती म्हणून निदान तपासणी तरी होऊ शकली, हेही विसरू नये.

आपल्या वर्गात

आता पुन्हा आपल्या प्रात्यक्षिकांकडे वळू. रेषा आरंभबिंदूतूनच गेली पाहिजे असा आग्रह आपण धरतो, मग कोऱ्या नमुन्याचा प्रतिसाद शून्य नसला तरी. एका संहतीचे एकच वाचन घेतो, त्यामुळे चूक कोणती आणि नेहमीचा चढउतार कोणता हे समजायला मार्ग उरत नाही. अज्ञात नमुना सर्वांत वरच्या बिंदूच्याही पलीकडे गेला तर रेषा पट्टीने पुढे ओढतो. खरे तर नमुना विरल करून पुन्हा मोजायला हवा. आणि शेवटी अपेक्षित उत्तराजवळ येणाऱ्यालाच पूर्ण गुण देतो.

हे शाळेपासूनच सुरू होते. तापमापीचे अंशशोधन शिकवताना वितळणारे बर्फ ० आणि उकळते पाणी १०० अंश असे आपण सांगतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. येथे हवेचा दाब कमी असल्याने शुद्ध पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. तापमापी चांगली असेल आणि मुलगी प्रामाणिक असेल, तर ती वहीत ९८ लिहील. आणि आपण लाल शाईने तिथे १०० करतो! तिची तापमापी नापास झालेली नव्हती. आपण प्रमाण ज्या परिस्थितीत ठरले ती परिस्थिती विसरलो. त्या लाल रेघेने मुलगी एवढेच शिकते की डोळ्यांना दिसले ते लिहायचे नसते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. पोटॅशियम परमँगनेटची पाच-सहा विरल द्रावणे करावीत, प्रत्येकाचे वाचन दोनदा घ्यावे, रेषा काढावी आणि मग प्रत्येक द्रावणाची संहती त्याच रेषेवरून परत काढायला सांगावी. टक्केवारीतला फरक शेजारी लिहावा. वगळण्याची मर्यादा प्रयोगाआधी फळ्यावर लिहावी, नंतर नाही. रेषेबाहेरच्या बिंदूभोवती वर्तुळ काढावे आणि तसे का झाले असावे, हे दोन ओळींत लिहून घ्यावे. खोडरबर त्या तासापुरता दप्तरात राहू द्यावा. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारावी, म्हणजे तो वाचता येतो. एक द्रावण शिक्षकांनी मुद्दाम चुकीचे करून ठेवले तर फारच उत्तम. ते कोणत्या गटाला सापडते ते पाहावे. ज्या वर्गात सगळ्यांचे आलेख सरळ आले, त्या वर्गाला त्या दिवशी काहीतरी समजावून सांगण्याची गरज आहे.

गुणांची विभागणीही बदलावी लागेल. आलेखाला दहा गुण असतील तर त्यांतले निम्मे तरी नोंदीला, फरकाच्या हिशेबाला आणि रेषेबाहेरच्या बिंदूविषयी लिहिलेल्या दोन ओळींना द्यावेत. यासाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. अंतर्गत मूल्यमापन शिक्षकांच्याच हाती असते. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनाही वर्तुळ केलेला बिंदू दिसला तर कपाळाला आठी न घालता त्याविषयी प्रश्न विचारता येईल. ज्याला त्याचे उत्तर देता येते, त्याला प्रयोग समजला आहे.

मिरगीच्या किंवा हृदयाच्या रोग्याला डॉक्टर स्वस्त जेनेरिक गोळी लिहून देतात आणि तो ती विश्वासाने घेतो. तो विश्वास कुठल्या तरी प्रयोगशाळेत, कोणा तरी पंचविशीतल्या मुलाने किंवा मुलीने, रात्रपाळीत, नापास झालेल्या बिंदूचे काय केले यावर उभा असतो. त्या वेळी शेजारी परीक्षक नसतात; असते फक्त बारावीत किंवा पदवीच्या वर्गात लागलेली सवय. ती सवय लावणे आपल्या हातात आहे.